चुकांची भिंत

सुतारमास्तरांचं घर शाळेच्या मागच्या भिंतीला इतकं चिकटून होतं, की शाळेची घंटा वाजली की त्यांच्या फळीवरचे कप किणकिणत. दोन खोल्या, पुढे हातभर ओटा, मागे न्हाणी. घर शाळेचं, म्हणजे नोकरी आहे तोवर आपलं. मास्तरांची बायको म्हणायची, "आमच्या घराला दोन दारं आहेत. एक पुढचं आणि एक हेडमास्तरांच्या खिशातलं."

ती लाँड्रीत कामाला होती. दिवसभर वाफेच्या इस्त्रीपुढे उभी असायची. गावातल्या झाडून सगळ्यांचे कपडे तिच्या हाताखालून जात, त्यामुळे कुणाच्या कॉलरचा ताठा किती खरा आणि किती खळीचा, हे तिला बरोबर ठाऊक होतं. पण डाग बघायचा, काढायचा आणि त्याबद्दल बोलायचं नाही, ही लाँड्रीतली रीत. ती रीत तिनं घरीही आणली होती, म्हणून संसार बरा चालला होता.

त्या दिवशी सकाळी ती लेकीची वेणी घालत होती. लेक दुसरीत. तिला सगळे मुंगी म्हणत, कारण खाली पडलेलं काहीही ती उचलून घरी आणायची: स्क्रू, बटणं, खडूचे तुकडे, एकदा तर एका काडीचा चष्मा.

"हलू नकोस. वेणी घालतेय, दोरखंड वळत नाहीये."

"आई, आज बाबांचा तास आहे. गोटीची खुर्ची आज पुरी होणार."

"बसायची खुर्ची?"

"बाहुलीची गं."

"मग ठीक. माणसाची असती तर आधी वजन कमी करावं लागलं असतं."

ओट्यावर पटाशीला धार लावत बसलेले मास्तर म्हणाले, "तुझ्या वजनाची खुर्ची मी लग्नाआधी केली होती. अजून उभी आहे."

"कुरकुरते."

"खुर्ची?"

"ती पण."

मास्तर हसले, पटाशी फडक्यात गुंडाळली आणि मुंगीचा हात धरून निघाले. निघायला लागत होतं तरी काय, अंगण ओलांडलं की शाळा.

शाळेच्या टोकाला पत्र्याची लांबट खोली होती, तिथं सुतारकामाचा तास चालायचा. तिथल्यासारखी भिंत आसपासच्या कुठल्याच शाळेत नव्हती. मुलानं फळी वाकडी कापली, सांधा फसला, खिळा आरपार गेला, की तो तुकडा टाकायचा नाही. भिंतीवर टांगायचा, खाली खडूनं नाव आणि झालेली चूक लिहायची. सगळ्यांत वर मास्तरांचाच एक खुर्चीचा पाय होता. त्याखाली लिहिलं होतं, 'मापायच्या आधी कापलं. मास्तर.' चूक दिसली की लगेच 'चूक' म्हणायचं, आवाज न चढवता, किती वाजले ते सांगावं तसं, हा त्यांचा नियम. तो मुलांनाही लागू आणि त्यांनाही. पहिलीतलं पोरगंसुद्धा "मास्तर, चूक" म्हणायचं आणि मास्तर "कुठं, दाखव" म्हणून वाकायचे. मुलांना त्या भिंतीवर जायची लाज नव्हती. उलट, वर्षभरात एकदाही भिंतीवर न गेलेल्या मुलाकडे बाकीचे जरा संशयानं बघत.

गावात प्रार्थनेच्या जागा दोन. एक टेकडीवर, एक नदीकडे. मास्तर टेकडीकडचे, बायको नदीकडची. लग्नात दोन्हीकडची माणसं तोंडं फुगवून बसली होती. तेव्हा या दोघांनी ठरवून टाकलं की चपला आणि वाद उंबऱ्याबाहेर ठेवायचे. ज्याला जिथं जायचं त्यानं तिथं जावं, येताना भाजी आणावी. मुंगी दोन्हीकडे जाऊन आली होती. टेकडीवर वारा छान लागतो आणि नदीकडे बसायला गालिचा आहे, एवढंच तिचं मत झालं होतं.

त्या वर्षी वरच्या वर्गातल्या काही मुलांनी बस थांब्यावरची बाकं मोडली आणि गावाला एकदम मूल्यांची आठवण झाली. शाळा समितीची बैठक बसली. मोठा हॉल रंगवायला काढलेला, म्हणून बैठक बालवर्गात. समितीची माणसं वीतभर उंचीच्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून मूल्यांवर बोलू लागली.

"मी बाकं दुरुस्त करायला शिकवतो त्यांना," सुतारमास्तर कोपऱ्यातून म्हणाले. "ज्यानं मोडलं त्यानं जोडलं की–"

"ते नंतर बघू," अध्यक्ष म्हणाले. अध्यक्ष वकील होते. "प्रश्न बाकाचा नाही, पिढीचा आहे."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शाळेत गणित शिकवा, भाषा शिकवा. धर्म ज्याचा त्यानं घरी शिकवावा."

"घरी?" हे म्हणाली मास्तरांची थोरली बहीण, मुंगीची आत्या. आत्यानंच धाकट्या भावाला आईमागे वाढवला होता. टेकडीची एक प्रार्थना तिनं कधी चुकवली नव्हती. "घरी कुणाला वेळ आहे हो? माझी आई गेली तेव्हा मी एवढीशी होते. अंधार पडला की छातीत धडधडायचं. तेव्हा म्हणायला माझ्याकडे एक प्रार्थना होती. आताच्या पोरांकडे काय आहे? मोबाइल. त्याची बॅटरी संपली की संपलं."

कुणी हसलं नाही, कारण ती खरं बोलत होती.

सायकलवाला उठला. तो नदीकडचा, मुंगीच्या वर्गातल्या गोटीचा बाप. "शिकवा की, ताई. पण मग आमचंही शिकवा."

"दोन्ही कसं जमणार? आणि आज दोन, उद्या तिसरा येईल," बेकरीवाला म्हणाला.

"मग एकही नको."

"म्हणजे मूल्यंच नकोत?"

संध्याकाळपर्यंत हे असंच चाललं. लहान खुर्च्यांवर बसून मोठ्यांच्या कमरा भरून आल्या, आणि अनेक मोठे निर्णय होतात तसा हाही कंबर दुखते म्हणून झाला. आठवड्याला एक मूल्यांचा तास, पुस्तक टेकडीवाल्यांचं, कारण तेच छापून तयार होतं. अध्यक्षांनी सायकलवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्या मुलांवर जबरदस्ती नाही. त्यांना सूट. तेवढा वेळ बाहेर बसतील."

दुकानातली सूट सायकलवाल्याला माहीत होती. ही कशी परत करायची ते त्याला माहीत नव्हतं.

वेळापत्रकात जागा नव्हती. कुणाचा तरी तास जायलाच हवा होता. सुतारकामाचा गेला.

हेडमास्तरांनी मास्तरांना बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. निवृत्ती जवळ आली की माणसाला शांततेचं व्यसन लागतं, तसं त्यांना लागलं होतं.

"तुमचा तास गेला म्हणजे तुम्ही गेलात असं नाही, मास्तर. मूल्यांचा तास तुम्ही घ्या."

"मला रंधा मारता येतो, सर."

"पुस्तक आहे. वाचून दाखवायचं, प्रश्न विचारायचे."

"बाकी कुणी?"

"सगळ्यांना विचारलं. एकाला दमा आहे, एकीचं मूल तान्हं आहे, इतिहासवाल्यांना तर मूल्यं म्हटलं की चक्कर येते. शिवाय तुम्ही टेकडीकडचे."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

हेडमास्तरांनी टेबलावरच्या किल्ल्यांचा जुडगा उगाच सरळ केला. "सुतारकामाची जागा मग रद्दच होते हो. आणि त्या दोन खोल्या… मला सांगताना बरं वाटतंय असं समजू नका."

घरी बायको म्हणाली, "घ्या की. खोटं बोलू नये, चोरी करू नये, मोठ्यांना उलटून बोलू नये. एवढंच असणार. शेवटचं मुंगीला जरा जोरात शिकवा."

मास्तरांनी पुस्तक वाचलं. बहुतेक तेवढंच होतं. पाचवा धडा वाचून मात्र त्यांनी पुस्तक मिटलं. तो धडा त्यांनी बायकोला दाखवला नाही. त्या दिवशी भरभर वाचून पुढे सरकू, असं त्यांनी ठरवलं. आयुष्यभर मापून कापणारा माणूस, पण ही फळी त्यांनी अंदाजानं कापायची ठरवली.

पत्र्याच्या खोलीतली कामाची टेबलं भिंतीकडे सरकवली गेली. चुकांची भिंत समितीला बरी दिसेना, म्हणून सगळे तुकडे पोत्यात गेले आणि तिथं सोनेरी किरणांचं मोठं चित्र आलं. दाराबाहेर व्हरांड्यात सूट मिळालेल्या मुलांसाठी बाक हवं होतं. ते मास्तरांनीच केलं. कडा घासून गुळगुळीत केल्या, मुलांना टोचू नये म्हणून.

पहिल्या तासाला नदीकडची मुलं उठली. गोटी उठली. तिच्या शेजारी रोज बसणारी मुंगीही दप्तर घेऊन उठली.

"तू बस," हेडमास्तर दारातून म्हणाले. "तू आतली."

"माझी आई नदीकडची आहे."

"नोंद वडलांची असते, बाळ."

मुंगीनं बापाकडे पाहिलं. बाप खडूच्या पेटीत खडू शोधत होता. खडू समोरच होता. मुंगी बसली. त्या दिवसापर्यंत वर्गात कोण कुठलं, हे मुलांना माहीत नव्हतं असं नाही, पण ते कुणाचा डबा कसला असतो एवढ्याच वजनाचं होतं. आता त्याला दार आलं. मास्तरांनी दार लावलं, कारण बाहेरच्या मुलांच्या आवाजानं व्यत्यय येत होता, आणि पहिला धडा वाचायला घेतला. 'शेजाऱ्यावर प्रेम करावे.'

पाचवा धडा यायला फार दिवस लागले नाहीत. मास्तरांनी तो ठरवल्याप्रमाणे धावत वाचला. 'जे टेकडीवरच्या घराची वाट धरतात ते उजेडात राहतील. जे धरत नाहीत ते चांगले असले तरी शेवटी अंधारात राहतील. अशांची आपण कीव करावी.' एकदा वाचलं आणि पान उलटलं.

पण मुंगी ती मुंगी. पडलेलं वाक्य तिनं उचललं आणि घरी आणलं.

त्या संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "आई, तू चांगली आहेस ना?"

"अधूनमधून."

"खरं सांग ना."

"तुझ्या बाबांना विचार. त्यांनीच पसंत केली होती."

मुंगी आईकडेच बघत होती.

"तुला अंधाराची भीती वाटते?"

"लाँड्रीत मागच्या खोलीत असताना दिवे गेले की वाटते. तो म्हातारा बॉयलर अंधारात गुरगुरतो. का गं?"

"काही नाही."

काही दिवस हे असंच चाललं. गावातले दिवे गेल्यावर परत किती वेळात येतात? अंधारात माणूस एकटं असतं की आणखी कुणी असतं? आईबापांना वाटलं, पोर अंधाराला भ्यायला लागली. या वयात होतं असं. आईनं बाजारातून एक छोटा दिवा आणला, मशरूमच्या आकाराचा, बॅटरीवर चालणारा, आणि मुंगीच्या उशाशी ठेवला. सकाळी उठून बघते तर दिवा तिच्या स्वतःच्या उशाशी. परत नेऊन ठेवला. दुसऱ्या सकाळी पुन्हा तिच्याच उशाशी, पेटलेला.

"या घरात दिव्यालाही पाय फुटलेत," ती हसत म्हणाली. "मुंगी, तुझा दिवा तुझ्याकडे ठेव की."

"तुझ्याकडेच असू दे."

"मला कशाला? मी घोडी एवढी मोठी."

आईनं तो लाड समजून तिचा पापा घेतला. मास्तर दाढी करत होते. आरशात त्यांचा हात क्षणभर थांबला. त्यांना कळलं असावं. पण कळलेलं कळू न देण्यासाठी माणसाकडे किती कामं असतात. त्यांनी ब्रश धुतला, आरसा पुसला आणि शाळेत गेले.

मग तपासनीस येणार अशी बातमी आली. मूल्यांचा तास ते स्वतः बघणार, समिती येणार, आतल्या मुलांचे पालक येणार. तास चांगला झाला तर तो कायम, आणि मास्तरांची जागाही.

आदल्या संध्याकाळी आत्या आली. भावजयीनं पाणी दिलं.

"लाँड्रीत माझी शाल दिली होती गं, झाली का?"

"झाली, ताई. कडेला मेण सांडलं होतं. काढलं."

"निघालं? मी तर आशा सोडली होती."

"तुमच्याकडचं मेण न् आमच्याकडचं तेल, एकाच पाण्यात निघतं."

आत्या हसली. तिला ही भावजय आवडायची, फक्त ते ती कुणाला सांगत नसे. मग तिनं मुंगीला मांडीवर घेतलं आणि तिच्याकडून धडे म्हणवून घेतले, तिची आई आत भांडी आवरत असताना. पाचवा धडा तिनं घाईनं, हळू आवाजात म्हणवून घेतला, म्हणजे तिलाही तो टोचत होताच.

"उद्या नीट उत्तर दे हं. पुस्तकात आहे तसंच. पाहुणे खूश झाले की बाबांची नोकरी पक्की. नाहीतर हे घर सोडावं लागेल, कळलं?"

"आत्या, पुस्तकातलं सगळं खरं असतं?"

आत्यानं तिचे केस मागे सारले. "तू फक्त उत्तर दे, सोन्या. बाकीचं मोठ्यांवर सोड."

दुसऱ्या दिवशी पत्र्याची खोली गच्च भरली. पुढे मुलं, बाजूला समिती, मागे पालक. मुंगीची आई लाँड्रीतून तशीच आली होती. साडीवर घातलेल्या शर्टाच्या दंडापर्यंत दुमडलेल्या बाह्या, वाफेनं ओलसर कपाळ. मागे दाराजवळ ती उभी राहिली. दाराबाहेर गोटी आणि बाकीची मुलं बाकावर पाय हलवत होती.

तपासनीस नीटनेटके, गोड बोलणारे गृहस्थ होते. मुलांनी धडे घडाघडा म्हटले. तपासनिसांनी मान डोलावली.

"पाठांतर उत्तम आहे. पण मास्तर, धडा जीवनाशी जोडला पाहिजे. मी एक विचारू का?" आणि पहिल्या रांगेत सगळ्यांत छोटी दिसली तिला त्यांनी उभं केलं. "सांग बाळ, अंधारात कोण राहतील?"

मुंगीनं पुस्तकातलं उत्तर दिलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"शाब्बास. आता असं तुझ्या ओळखीचं कुणी आहे का?"

मास्तरांनी तोंड उघडलं. मुंगीनं त्यांच्याकडे पाहिलं, समितीकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. घर, फळीवरचे कप, पुढचं दार, हेडमास्तरांच्या खिशातलं दार, सगळं त्या पोरीच्या जिभेवर ठेवलेलं होतं आणि तिला ते माहीत होतं.

"माझी आई," ती म्हणाली.

"अस्सं. ती चांगली आहे?"

"हो. चांगली असली तरी."

"मग आपण तिच्यासाठी काय करावं?"

"कीव करावी." मग तिला वाटलं, हे पुरेसं झालं नाही. "मी तिच्या उशाशी दिवा ठेवते. पण तो तिकडे नेता येतो का, ते धड्यात नाही."

तपासनीस कौतुकानं हसले. "बघा, याला म्हणतात जीवनाशी जोडणं. मास्तर, अभिनंदन." त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यामागोमाग समितीनं वाजवल्या, मग पालकांनी. आत्याचे हात वर आले आणि एकमेकांपर्यंत पोचलेच नाहीत. मागे दाराजवळ मुंगीची आई उभी होती. टाळ्या संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली, भर कार्यक्रमातून उठून जाणं बरं दिसत नाही म्हणून. मग बाह्या खाली केल्या, कफाचं बटण लावलं आणि बाहेर पडली.

मास्तर खडू हातात धरून उभे होते. त्यांनी काहीच म्हटलं नाही.

संध्याकाळी घरात कुणी दिवा लावायला उठेना. शेवटी आईच उठली. मुंगी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"इकडे ये," आई म्हणाली.

"तू रागावलीस."

"नाही. उत्तर पाठ होतं ना तुझं? मग रडतेस कशाला?"

"मला वाटलं, बाबा चूक म्हणतील."

मास्तर ओट्यावर होते. तिथूनच त्यांनी वळून पाहिलं.

मुंगी हुंदके देत म्हणाली, "बाबा चूक झाली की लगेच म्हणतात. मी मुद्दाम त्यांच्याकडे बघितलं. ते काहीच बोलले नाहीत. म्हणजे ते खरंय. म्हणजे तू खरंच तिथं जाणार."

आईनं तिला उराशी घेतलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. ते तिचं न पाहणं मास्तरांना पुरलं.

बऱ्याच वेळानं, मुंगी शांत झाल्यावर, ते आत आले. "तो धडा मी तुझ्यापासून लपवला."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"सगळं टेकडीवाल्यांचं धुणं माझ्याकडे येतं. मुलांच्या शर्टांच्या खिशात धड्याची पानं येतात, ओली होऊन. मी वाळवून परत ठेवते." तिनं पदराला हात पुसले. "मला वाटलं, तुम्ही सांगाल. तुम्हाला वाटलं, मी विचारणार नाही. आपण दोघांनी वाद उंबऱ्याबाहेर ठेवला, आणि पोर रोज तोच उंबरा ओलांडून जात होती."

"नाही म्हटलं तर घर जाईल."

"हो."

"कुठं जायचं?"

"ते मला विचारू नका. मी हो म्हणा असंही सांगणार नाही आणि नाही म्हणा असंही. एवढं ओझं आज त्या पोरीनं उचललं. आता जरा तुम्ही उचला."

पुढच्या आठवड्यात मूल्यांच्या तासाची घंटा झाली. नदीकडची मुलं उठून बाहेर गेली. मास्तर दार लावायला गेले आणि दारात थांबले. मग ते बाहेर गेले, बाकाचं एक टोक उचललं आणि गोटीला म्हणाले, "दुसरीकडून धर." बाक आत आलं. मागोमाग मुलं आली, बिचकत.

मास्तरांनी सोनेरी किरणांचं चित्र अलगद उतरवून, सुरळी करून टेबलावर ठेवलं. पोत्यातून तो जुना खुर्चीचा पाय काढला आणि भिंतीवर ठोकला. त्याच्या शेजारी पुस्तकातलं पाचव्या धड्याचं पान टांगलं.

"गेल्या वेळी इथं एक चूक झाली," ते म्हणाले, किती वाजले ते सांगावं तशा आवाजात. "ती मुंगीची नव्हती. तिला शिकवलं तेच तिनं सांगितलं. मी जे शिकवलं ते चूक होतं, आणि ते मला शिकवतानाच माहीत होतं. माणूस चांगला असेल तर तो चांगला आहे. पुढे 'असला तरी' लावायचं नाही." आणि खडू घेऊन त्यांनी धड्याखाली लिहिलं, 'न मापता कापलं. मास्तर.'

मग मागून कुणीतरी विचारलं, "मास्तर, आज सुतारकाम आहे?"

"आज आहे," मास्तर म्हणाले. "उद्याचं माहीत नाही."

दोन दिवसांत समिती बसली, त्याच बालवर्गात, त्याच खुर्च्यांवर. हॉलचं रंगकाम अजून चाललंच होतं.

"शब्द मागे घ्या, मास्तर," हेडमास्तर अक्षरशः विनवत म्हणाले. "चूक झाली म्हणा आणि विषय संपवा."

"चूक झाली हेच तर म्हटलं, सर."

"ती नव्हे हो."

मास्तरांना काढावं असं ज्यांना वाटतं त्यांना अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं. डॉक्टरीणबाईंचा हात खाली राहिला, सायकलवाल्याचाही. बाकीचे वर गेले. आत्यानं डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काही म्हटलं, आणि तिचाही हात वर गेला. तिच्यासाठी तो भावाविरुद्ध नव्हता, तिला लहानपणी अंधारात सोबत करणाऱ्याच्या बाजूनं होता. पण हात दोन्हीसाठी एकच वर जातो.

खोल्या रिकाम्या करायच्या दिवशी तोच हात गादी उचलायला आला. आत्या एक टोक धरून लाँड्रीचा जिना चढत होती, दुसरं टोक भावजयीकडे होतं.

"मी केलं ते बरोबरच केलं," आत्या धापा टाकत म्हणाली.

"गादी सरळ धरा, ताई. भिंतीला घासतेय."

"तू मला काही बोल तरी."

"वर पोचू दे आधी."

लाँड्रीच्या माळ्यावरची ती एकच खोली. खाली बॉयलर गुरगुरतो, जमीन कायम कोमट असते. मास्तर आता फर्निचरच्या दुकानात पॉलिश मारतात. कापायचं, जोडायचं काम तिथं नाही, त्यामुळे चुकायलाही वाव नाही, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटतं. फळीवर कप आहेत, पण ते किणकिणत नाहीत. मूल्यांचा तास शाळेत चालू आहे. इतिहासवाल्यांची चक्कर थांबली, ते घेतात. बाक पुन्हा व्हरांड्यात गेलं. मुंगी त्या तासाला न सांगता उठते आणि गोटीशेजारी जाऊन बसते. नोंद वडलांची असते ना, आणि वडील आता बाहेरचे.

मास्तरांनी तिला अनेकदा सांगितलं की तो धडा चूक होता, आई कुठल्याही अंधारात जाणार नाही. ती म्हणते, "माहीत आहे, बाबा." तरी रोज झोपायच्या आधी तो मशरूमचा दिवा आईच्या उशाशी ठेवते. "असू दे आपला," म्हणते. लाकडावरचा ओरखडा रंध्यानं निघतो. लेकराच्या आत गेलेल्या वाक्यावर चालेल असा रंधा मास्तरांना अजून सापडलेला नाही.

तुमच्याही घरी आज संध्याकाळी मूल शाळेतून येईल. दप्तर फेकेल, खायला मागेल. आज काय शिकवलं, ते त्याला जरूर विचारा. आणि ते शिकवत असताना दाराबाहेर बाकावर कोण बसलं होतं, तेही विचारा. उत्तर यायला वेळ लागला, तर घाई करू नका. ते तुमच्याकडेच बघत असेल, तुम्ही काय म्हणता ते ऐकायला.